पट्ट्याच्या जागेवर 62 घरकुलं : सामाजिक संस्थेसोबत करार कसा असावा?

वस्तीसमिती_62

विदर्भातल्या एका नगरपरिषद हद्दीतली वस्ती आहे. 1 जानेवारी 2011 आधीचं निवासी अतिक्रमण नियमानुकूल होऊन 62 कुटुंबांना पती-पत्नीच्या संयुक्त नावाने पट्टे मिळालेत. जागा सरासरी 450 चौरस फूट, माती काळी. प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) 2.0 मधल्या वैयक्तिक घरबांधणी घटकात, म्हणजे बीएलसीत, नगरपरिषद प्रस्ताव पाठवते आहे. केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख असे अडीच लाख मिळतील.

एक सामाजिक संस्था सोबत यायला तयार आहे. ती नकाशे आणि देखरेख देणार, एका कंपनीकडून सीएसआरचे, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतले, 40 लाख आणणार. तिची अट अशी की सगळी 62 घरं तिच्याच ठेकेदाराने 1,750 रुपये चौरस फुटाने बांधायची, 8 टक्के व्यवस्थापन शुल्क द्यायचं, आणि 'काम अडू नये म्हणून' प्रत्येक लाभार्थ्याने सही केलेल्या कोऱ्या विड्रॉल स्लिपा संस्थेकडे ठेवायच्या. घराचं चटईक्षेत्र 30 चौरस मीटर, बांधीव धरून साधारण 380 चौरस फूट.

करार कुणाकुणात असावा, पैसा कुणाच्या खात्यातून फिरावा, आणि 40 लाख कसे वापरले तर सगळी घरं खरोखर पूर्ण होतील? 'संस्था चांगली असेल तर ठीक, नाहीतर नको' यापुढचं काहीतरी ठोस सांगा.

---

चॅरिटी_फाइल

स्लिपांचा विषय आधी संपवा. अनुदान लाभार्थ्याच्या आधार जोडलेल्या खात्यात थेट येतं ते मध्ये कुणाचा हात नको म्हणूनच. कोऱ्या स्लिपा दिल्या की तो हात परत आत आला. उद्या घर अर्धवट राहिलं तर कागदावर पैसे तुम्हीच काढलेत आणि घर तुम्हीच बांधलं नाहीत. वसुलीची नोटीस लाभार्थ्याला येईल, संस्थेला नाही. ही अट सोडायला संस्था तयार नसेल तर पुढची बोलणीच नकोत.

आता संस्थेची कागदपत्रं. नोंदणी प्रमाणपत्र सगळेच दाखवतात, त्यावरून काही कळत नाही. धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट-1 ची, म्हणजे विश्वस्तांची नावं असलेल्या नोंदीची, अद्ययावत प्रमाणित नक्कल मागा. बऱ्याच संस्थांचे विश्वस्त बदललेले असतात, पण बदल अर्ज मंजूर झालेला नसतो, कधी दाखलच केलेला नसतो. मग करारावर सही करणाऱ्या माणसाचं नाव परिशिष्टावर नसतं आणि वाद झाला की पहिला मुद्दा तोच निघतो. त्यासोबत तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब बघा, आणि ते धर्मादाय कार्यालयात दाखल केल्याची पोचही. 12ए आणि 80जी या आयकराच्या नोंदणी, आणि सीएसआरचं काम घेण्यासाठी लागणारा सीएसआर-1 नोंदणी क्रमांक घ्या. 1 एप्रिल 2021 पासून सीएसआर-1 शिवाय कंपनी संस्थेमार्फत काम करवून घेऊ शकत नाही, त्यामुळे तो क्रमांक नसेल तर 40 लाख ही नुसती बोलाची कढी. पैसा परदेशी देणगीतला असेल तर तेही आधीच विचारा. परदेशी देणगीच्या कायद्यातल्या (एफसीआरए) 2020 च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम एका संस्थेकडून दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करता येत नाही, म्हणजे 'आमची मोठी संस्था तुमच्या स्थानिक मंडळाला देईल' हे चालत नाही.

करार तीन पक्षांत करा : नगरपरिषद, वस्तीची समिती आणि संस्था. समिती नोंदणीकृत नसेल तर ती कायद्याने पक्ष होऊच शकत नाही. एक तर सोसायटी म्हणून नोंदणी करा, नाहीतर 62 कुटुंबांचं प्रत्येकी एक पानाचं संमतीपत्र कराराला जोडा. स्टॅम्प 500 रुपयांचा. ऑक्टोबर 2024 नंतर 100 चा चालत नाही, तरी लोक अजून जुनेच कागद घेऊन येतात.

संस्थेचं काम करारात क्रियापदांनी लिहा. 'सहकार्य करेल' याला काही अर्थ नाही. 'प्रत्येक घराची प्लिंथ (जोतं), लिंटेल (दार-खिडकीवरचा पट्टा) आणि स्लॅबच्या आधी तपासणी करून सही केलेली चिठ्ठी 48 तासांत देईल' असं लिहिलं तर दाखवायला काहीतरी राहतं.

---

नकाशेवाला

ठेका संस्थेकडे नको. संस्थेवरचा अविश्वास हे त्याचं कारण नव्हे. जो बांधतो तोच तपासतो, अशी रचना झाली की तपासणी मरते. शिवाय कराचा हिशेब आहे. बीएलसीच्या वैयक्तिक घरासाठी फक्त मजुरीचा ठेका जीएसटीतून मुक्त आहे. मालासह ठेका दिला की ती सूट गेली. तेव्हा मजुरीचा ठेका लाभार्थी आणि गवंडी यांच्यात, माल एकत्र खरेदीतून, तपासणी संस्थेची. काम तीन हातांत वाटलेलं असलं की एकाची चूक दुसऱ्याला दिसते.

1,750 चा दर तसा अवाच्या सवा नाही. पण 380 गुणिले 1,750 म्हणजे 6 लाख 65 हजार. त्यातून अनुदानाचे अडीच लाख आणि सीएसआरचे सरासरी 65 हजार वजा केले तरी घरामागे साडेतीन लाख लाभार्थ्याच्या डोक्यावर राहतात. संस्थेने ही वजाबाकी तुम्हाला दाखवली का? नसेल तर आधी ती मागा. आणि 8 टक्के नेमके कशावर? 6.65 लाखांवर धरले तर घरामागे 53 हजार होतात, म्हणजे सीएसआरची बहुतेक रक्कम शुल्कातच परत गेली. शुल्क द्यायचंच तर तपासणीच्या टप्प्यानुसार ठरलेली रक्कम द्या, टक्केवारी नको. टक्केवारीत खर्च वाढला की तपासणाऱ्याची मिळकत वाढते.

आता मुख्य गोष्ट. अशा प्रकल्पांचं गाडं पैसा कमी पडतो म्हणून अडतं तेवढंच पैसा उशिरा येतो म्हणूनही अडतं. टप्प्याचं काम पूर्ण, मग जिओ-टॅगिंग, म्हणजे जागेच्या नोंदीसह फोटो, मग अनुदानाचा हप्ता. म्हणजे प्लिंथपर्यंतचा लाख-सव्वा लाख आधी घरातून घालायचा. हातावर पोट असलेला माणूस तिथेच सावकाराकडे जातो. पाच रुपये शेकड्याने उचललेला लाख सहा महिने अडकला की 30 हजार व्याजातच जातात.

म्हणून 40 लाख सरसकट वाटू नका. प्रत्येकाला 65 हजार दिले तर 62 अर्धवट जोती उभी राहतील. माझ्या मते विभागणी अशी हवी : घरामागे 40 हजार शेवटच्या टप्प्याला राखून ठेवा, म्हणजे दारं-खिडक्या, गिलावा, शौचालय. त्याचे 24.8 लाख झाले. उरलेल्या 15.2 लाखांचा फिरता निधी करा. त्यातून 12 घरांची तुकडी प्लिंथपर्यंत न्या, हप्ता आला की रक्कम निधीत परत, मग पुढची तुकडी. निधीतून रोख द्यायची नाही. सिमेंट, सळई, मुरूम, ब्लॉक असा माल द्यायचा.

आणखी एक. जुनं घर पाडायची घाई कुणालाही करू देऊ नका. मंजुरी, कार्यारंभ आदेश आणि 'काम सुरू नाही' या टप्प्याचा जिओ-टॅग फोटो हे तिन्ही झाल्यावरच कुदळ. प्रस्ताव नगरपरिषदेकडून म्हाडाकडे, तिथून राज्यस्तरीय समितीकडे आणि मग केंद्राकडे जातो. 'यादीत नाव आलं' म्हणजे मंजुरी नव्हे. आधीच बांधायला घेतलेलं घर अपात्र ठरतं.

बांधकाम परवानगीला घाबरू नका. एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीत 150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला कमी जोखमीच्या वर्गात धरलंय. मालकीचा कागद, नकाशा आणि शुल्क भरल्याची पावती यावर काम सुरू करता येतं. 62 नकाशे वेगळे काढत बसू नका. जागांच्या आकारानुसार चार-पाच नमुने करा आणि प्रत्येकाला त्यातला एक निवडू द्या. पुण्याच्या येरवड्यात जेएनएनयूआरएम या केंद्राच्या जुन्या शहरी योजनेच्या वेळी वस्ती न हलवता घरं बांधली, तेव्हा 270 चौरस फुटांच्या घराचे असेच मोजके नमुने होते आणि कुटुंब त्यातून निवडत असे. महिला मिलन या वस्तीतल्या बायकांच्या संघटनेच्या बायका घरोघरी मोजमापाला होत्या, म्हणून शेजाऱ्यांमधली वीतभर जागेची भांडणं कागदावर येण्याआधीच मिटवता आली.

---

चॅरिटी_फाइल

नकाशेवाला, फिरता निधी मलाही पटतो, पण एक अडचण आहे. सीएसआर हा कंपनीच्या दृष्टीने खर्च असतो. कंपनीचा लेखापरीक्षक विनियोग प्रमाणपत्र मागतो. दिलेला पैसा परत येऊन फिरतोय म्हटलं की तो हटकणारच. त्यामुळे हे मागाहून ठरवायचं नाही. कंपनी आणि संस्था यांच्या करारातच लिहून घ्या : ही मालाच्या रूपातली आगाऊ मदत आहे, परत आलेली रक्कम याच प्रकल्पात याच कामासाठी वापरली जाईल, आणि शेवटच्या तुकडीनंतर उरलेली रक्कम अमुक सामाईक कामाला, उदाहरणार्थ गटाराला, जाईल. प्रकल्प 'चालू प्रकल्प' म्हणून दाखवायला सांगा. म्हणजे सुरू झालेलं वर्ष सोडून तीन वर्षं मिळतात. नाहीतर मार्चअखेर 'सगळा खर्च दाखवा' असा फोन येतो आणि संस्था घाईघाईत सिमेंट विकत घेऊन ठेवते.

परत येणाऱ्या रकमेवर एक रुपयाही व्याज लावू नका. 'थोडासा सेवा आकार' सुद्धा नको. व्याज आलं की सावकारी कायद्याचा प्रश्न मागोमाग येतो.

---

मुरूम_आणि_माती

वरचे सगळे कागदाचं बोलले, मी जमिनीखालचं बोलतो. काळी माती आहे ना? मग संस्थेचा नकाशा हातात घेण्याआधी वस्तीत चार ठिकाणी सहा-सहा फुटांचे खड्डे मारा. एका जेसीबीचं दोन तासांचं काम. किती फुटांवर मुरूम लागतो ते पाहिल्याशिवाय पायाचा खर्च सांगणारा माणूस अंदाजपंचे बोलतोय.

मुरूम चार-पाच फुटांत लागला तर पाया तिथपर्यंत नेऊन साधं भिंतीवर उभं घर चालतं, फक्त प्लिंथला आणि लिंटेलला सलग आरसीसी पट्टा हवा. मुरूम लागतच नसेल तर मातीची फ्री स्वेल चाचणी करा, म्हणजे पाण्यात माती किती फुगते ते कळेल. 50 टक्क्यांच्या वर आली तर साधा पाया विसरा. तिथे अंडर-रीम पाइल, म्हणजे तळाशी फुगवटा दिलेले काँक्रीटचे खांब, साडेतीन मीटरच्या आसपास खोल, आणि वर प्लिंथ बीम. खर्च वाढतो, पण नाहीतर दुसऱ्या पावसाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा जाणार हे ठरलेलं. पायात भरणी म्हणून उकरलेली काळी मातीच परत टाकतात, हा सर्रास चालणारा प्रकार. भरणी मुरमाचीच, सहा-सहा इंचांच्या थराने, पाणी मारून धुमसून. 380 फुटांच्या घराला दीड-दोन फूट जोतं धरलं तर सहा-सात ब्रास मुरूम लागतो.

शौचालयाबद्दल : दोन शोषखड्ड्यांचा नमुना सगळीकडे चिकटवतात. काळ्या मातीत पाणी जिरतच नाही, खड्डा भरून वर येतो, आणि पायाशेजारची माती कायम ओली राहून फुगते. जवळ मलवाहिनी असेल तर तिला जोडा, नसेल तर तीन-चार घरांत मिळून सेप्टिक टाकी. घराभोवती तीन फूट रुंद फरसबंदी, बाहेर उतार देऊन.

मालाचा ढोबळ अंदाज, 6 इंची काँक्रीट ब्लॉकचं घर धरून : सिमेंट 150 गोण्या, सळई 900 किलो ते एक टन, ब्लॉक 950 ते 1,000, वाळू सात ब्रास. 2025 च्या वाळू धोरणात घरकुल लाभार्थ्याला 5 ब्रास वाळू स्वामित्वधनाशिवाय मिळते, वाहतूक आपली. त्याचे पास तहसीलमधून तुकडीप्रमाणे काढा. सगळ्यांचे एकदम काढले तर वाळू वस्तीत पडून राहते आणि रात्रीतून कमी होते. सिमेंटचंही तसंच. 62 घरांच्या 9,300 गोण्यांचा दर ठरवून घ्या, पण उचल एका वेळी दोन-अडीचशेच. गोणीमागे 20-25 रुपये सुटले तरी एकूण दोन लाखांच्या आसपास वाचतात. ओल लागून दगड झालेल्या गोण्या त्या बचतीला पुरून उरतात.

आता स्लॅब, कारण तपासणीची खरी कसोटी तिथे. साडेचार इंची स्लॅबला साधारण 4 घनमीटर काँक्रीट, एम-20 प्रतीचं, म्हणजे 32 गोण्या सिमेंट. बिघडतं ते पाण्याने. मिक्सरवाला बादलीने अंदाजे ओततो, कारण पातळ माल लवकर पसरतो. 50 किलोच्या गोणीला जास्तीत जास्त 30 लिटर पाणी. संस्थेच्या माणसाने त्या दिवशी फक्त तीन गोष्टींवर नजर ठेवावी : पाण्याची मापाची बादली, खडी-वाळू मोजायचा फर्मा (मापाची पेटी), आणि सळईखाली 20 मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक. कव्हर ब्लॉकऐवजी खडीचे तुकडे सारतात. ते ओतताना सरकतात, सळई खाली टेकते, आणि काही वर्षांत स्लॅबच्या पोटातून गंजाचे डाग दिसू लागतात. पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर किमान 10 दिवस पाणी, उन्हाळ्यात 14. वस्तीत टँकरने पाणी येत असेल तर क्युरिंगचं पाणी अंदाजपत्रकात वेगळं दाखवा, नाहीतर तेच आधी कापलं जातं.

दिवाळीनंतर पाया, मेच्या आत स्लॅब. जूनमध्ये उघडी पडलेली काळ्या मातीतली चर म्हणजे तलाव.

---

वस्तीसमिती_62

सगळ्यांचे आभार. संस्थेशी बोलणं झालं. स्लिपांची अट सोडली, शुल्क टप्प्यावर घ्यायला तयार आहेत. ठेकेदाराचा आग्रह थोडा आहे अजून. दोन शंका. फिरत्या निधीची वसुली कशी करायची? हप्ता लाभार्थ्याच्या खात्यात येतो, आला की घरातली दुसरी गरज उभी राहते. आणि वरचे साडेतीन लाख कुठून उभे करायचे?

---

बचतगटताई

वसुली संस्थेने करायचीच नाही, गटाने करायची. 12 घरांची तुकडी म्हणजे 12 बायकांचा एक गट. पुढच्या तुकडीला माल तेव्हाच, जेव्हा आधीच्या तुकडीतल्या किमान 10 जणींचे पैसे परत आले असतील. पुढच्या रांगेतली बाई मग स्वतःच दार वाजवते. आणि रांग चिठ्ठ्या टाकून लावू नका. एकमेकांना चिकटलेली घरं एका तुकडीत घ्या, म्हणजे पाडकाम, पायाची चर आणि सामाईक भिंत एकदम होते. पहिल्या तुकडीत एकटी म्हातारी किंवा आजारी माणूस असेल तर त्यांचं घर पुढच्या तुकडीत घ्या. पहिली तुकडी अडली की निधीच अडला.

हप्ता येण्याआधी बघायच्या दोन गोष्टी, इथे फार लोक अडकतात. एक, खातं 'छोटं खातं' आहे का. पूर्ण केवायसी नसलेल्या खात्यात 50 हजारांवर शिल्लक राहू शकत नाही आणि वर्षभरात एक लाखावर जमा होत नाही. अशा खात्यावर हप्ता परत फिरतो. दोन, आधार कुठल्या बँकेला जोडलंय. बाईने कधीतरी गॅसच्या वेळी दुसरं खातं जोडलेलं असतं, पैसे तिकडे जातात आणि इकडे सगळे वाट बघत बसतात. 62 जणींचे पासबुक-आधार घेऊन एकदा बँकेत बसा, एक दिवसाचं काम आहे. नावातला फरकही तेव्हाच काढा. पट्ट्यावर 'सुमनबाई' आणि आधारवर 'सुमन' एवढ्यावरून फाइल बाजूला पडते.

साडेतीन लाखांचं असं बघा. आधी कुटुंबांची वर्गवारी करा. ज्यांच्या घरात नोंदीत बांधकाम कामगार आहे आणि नोंदणी चालू आहे, त्यांना कल्याणकारी मंडळाच्या अटल आवास योजनेतून (शहरी) दोन लाखांची मदत आहे. वस्तीत निम्मे लोक गवंडीकामाला जातात आणि नोंदणी दोघा-चौघांचीच असते. वर्षभरात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, तो आत्ताच गोळा करायला लागा, घर अर्धं झाल्यावर नव्हे. व्याज सवलतीची योजना कुणी सुचवेल. ती बीएलसीसोबत मिळत नाही, एका कुटुंबाला एकच घटक.

बाकीच्यांसाठी दोन लाख कर्ज धरा. 12 टक्क्यांनी 10 वर्षांना महिन्याला 2,870 चा हप्ता बसतो. ज्या घरात दोन कमावते नाहीत तिथे हा हप्ता जात नाही, हे तोंडावर सांगा. त्यांच्यासाठी घराचा टप्पा ठरवा : स्लॅब, शौचालय, दारं आणि आतून गिलावा. बाहेरचा गिलावा, फरशी नंतर. राखलेले 40 हजार अशाच घरांना आधी सोडा.

पाडल्यावर राहायचं कुठे हे कुणी विचारलं नाही! चार-पाच महिने भाडं म्हणजे घरामागे दहा-पंधरा हजार. समाजमंदिर किंवा मोकळ्या जागेत पत्र्याच्या 12 खोल्या एकदाच उभारा, प्रत्येक तुकडी पाळीने वापरेल. नगरपरिषदेने जागा आणि पाणी द्यायचं, हे त्या तीन पक्षांच्या करारात टाका.

---

नकाशेवाला

ताईंच्या मुद्द्याला जोड. कर्ज देणारा पट्ट्यावरच्या अटी वाचतो. हस्तांतरणावर बंधन असलेली जागा तारण ठेवायला परवानगी लागते का, ते पट्ट्यावरच लिहिलेलं असतं. 62 पट्ट्यांवर अट एकच असणार, म्हणून परवानगीचा अर्जही नगरपरिषदेमार्फत एकत्र करा. सुटे 62 अर्ज टेबलावर पडून राहतात.

आणि ठेकेदाराच्या आग्रहावर तोडगा : त्यालाही मजुरीचा दर भरू द्या, बाकी तीन गवंड्यांसोबत. पहिल्या तुकडीची 12 घरं त्यातल्या दोघांत वाटा, सहा-सहा. मोजमाप तेच, माल तोच, तपासणी तीच. दुसऱ्या तुकडीचं काम कुणाला द्यायचं ते बायका ठरवतील. मजुरीतले 5 टक्के पहिला पावसाळा जाईपर्यंत रोखून ठेवायचे, गळती निघाली तर त्यातून दुरुस्ती. हे लिहून द्यायला जो ठेकेदार कुरकुर करतो, त्याला पहिल्या सहामध्येही घेऊ नका.

---

मुरूम_आणि_माती

पाच नको, दहा रोखा. काळी माती आहे.